प्रस्ताव म्हणजे दिलेला शब्द

(उद्योगात नव्याने पाऊल टाकणाऱ्या तरुण-तरुणींच्या मेळाव्यात कोकणातील एका काजूप्रक्रिया उद्योजकाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)

आपला व्यवसाय दुसऱ्याला पटवून कसा द्यावा, या विषयावर मी बोलावे असे संयोजकांनी सुचविले आहे. हल्ली त्याला 'पिच' म्हणतात. आमच्या वेळी हा शब्द फक्त क्रिकेटच्या मैदानावर ऐकू येई. आम्ही आपले 'प्रस्ताव घेऊन जातो' असे म्हणत असू. शब्द बदलला, तरी काम तेच आहे. ज्याच्याकडे पैसा आहे, माल घेण्याची ताकद आहे किंवा अधिकार आहे, त्याच्यासमोर बसायचे आणि त्याचा विश्वास मागायचा.

मी वक्ता नाही. त्यामुळे वक्तृत्वाच्या युक्त्या सांगणार नाही. मी दोन वेळा तोंडघशी पडलो, त्या दोन प्रसंगांची हकीगत सांगणार आहे. त्यांच्या मधल्या काळात जे शिकलो, तेवढेच माझे भांडवल.

चाळीस मिनिटे आणि एक प्रश्न

१९९६ सालची गोष्ट. सिंधुदुर्ग जिल्ह्यात काजूप्रक्रियेचा छोटा कारखाना काढण्याच्या ध्यासाने मी एका बँकेच्या शाखाधिकाऱ्यांसमोर बसलो होतो. बोलायची हौस दांडगी. कोकणातला तरुण मुंबईची वाट धरतो, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काजूच्या उत्तम जाती दिल्या तरी आपली बी प्रक्रियेसाठी बाहेर जाते, गावातल्या स्त्रियांच्या हाताला काम नाही, हे सारे मी तळमळीने सांगितले. तब्बल चाळीस मिनिटे बोललो. साहेबांनी एकदाही अडविले नाही. मला वाटले, गड सर झाला.

मग त्यांनी शांतपणे विचारले, "तुम्ही बी मार्च ते मे या तीन महिन्यांत रोखीने घेणार. गर मात्र वर्षभर थोडा थोडा विकणार. मधल्या काळात गराचा भाव उतरला, तर माझा हप्ता कुठून येणार?"

मी म्हणालो, "भाव उतरणार नाही, साहेब."

त्यांनी फाईल मिटली आणि चहा मागविला. चहा चांगला होता, कर्ज मिळाले नाही. पुढे वर्षभर मी भेटेल त्याला सांगत असे, की बँकांना मराठी उद्योजकाबद्दल आस्था नाही. वस्तुतः त्या गृहस्थांनी मला फुकट आणि मोलाचे शिक्षण दिले होते. जो प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता, तो त्यांनी विचारला आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. माझी तळमळ खरी होती, यात शंका नाही. पण माझ्या तळमळीने त्यांची भीती कशी जावी?

समोरच्याची भीती आधी ओळखा

आपण सारे किर्लोस्करांचे नाव अभिमानाने घेतो. पण लक्ष्मणराव किर्लोस्करांना आपला पहिला लोखंडी नांगर विकायला दोन वर्षे लागली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? लोखंडाने जमीन विषारी होते अशी त्या वेळच्या शेतकऱ्यांची समजूत होती. आज आपल्याला तिचे हसू येते. पण शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. त्याच्यापाशी एकच जमीन होती. नांगर फसला तर कारखानदाराचा एक नांगर जाणार होता, शेतकऱ्याचे मात्र सारे वर्ष जाणार होते. त्याची समजूत चुकीची असेल, भीती खोटी नव्हती.

अशी भीती व्याख्यानाने जात नाही. नांगरलेले शेत दिसले, त्यात पीक उभे राहिलेले दिसले, शेजाऱ्याची जमीन नासली नाही हे डोळ्यांना पटले, तरच ती जाते. आपल्याकडे म्हणतातच, हातच्या काकणाला आरसा कशाला? म्हणून माझे पहिले सांगणे असे, की प्रस्ताव लिहायला बसण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर एकच ओळ लिहा, 'हा माणूस मला नाही म्हणाला, तर कोणत्या भीतीने म्हणेल?' मग त्या भीतीचे उत्तर शोधा. नमुना, चाचणीचा दाखला, एखाद्या जुन्या ग्राहकाचे पत्र, जे दाखविता येईल ते दाखवा. आणि ती भीती त्याने बोलून दाखविण्याआधी तुम्ही स्वतः बोला. आपल्या धंद्यातला धोका जो आपणहून सांगतो, त्याच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास बसू लागतो.

कोणासमोर बसलो आहोत?

एकच प्रस्ताव तीन ठिकाणी वाचणारे पुष्कळ तरुण मी पाहतो. ही मोठी चूक आहे, कारण तिन्ही ठिकाणची भीती निराळी असते.

बँकेचे उदाहरण घ्या. तुमचा धंदा दसपट वाढला, तरी बँकेला ठरलेले व्याजच मिळणार. तो बुडाला, तर मुद्दलही जाणार. म्हणजे तुमच्या भरभराटीत तिचा वाटा नाही, तुमच्या नुकसानीत मात्र आहे. अशा माणसासमोर दहा वर्षांनंतरच्या साम्राज्याचे चित्र रंगवून काय उपयोग? त्याला हप्ता कसा येईल, मंदीच्या वर्षी कसा येईल, एवढेच सांगा.

भागीदारीचे भांडवल घालणाऱ्याचे गणित याच्या नेमके उलट. त्याने पैसा घातलेल्या अनेक धंद्यांतले बरेच बुडणार, हे त्याने गृहीत धरलेले असते. जे थोडे तरतील, ते इतके वाढले पाहिजेत की बाकीचा तोटा भरून निघावा. त्याला धंदा किती मोठा होऊ शकतो आणि तो दुसऱ्याला सहज उचलता का येणार नाही, हे ऐकायचे असते.

तिसरा ग्राहक, विशेषतः घाऊक व्यापारी. त्याला तुमच्या नफ्याशी कर्तव्य नाही. माल वेळेवर येईल का, आणि दहाव्या खेपेला पहिल्या खेपेसारखाच असेल का, ही त्याची चिंता.

आज परिस्थिती आमच्या काळापेक्षा अनुकूल आहे. सूक्ष्म आणि लघुउद्योगांना तारणाशिवाय कर्ज मिळावे म्हणून २००० साली पतहमीची व्यवस्था उभी राहिली. २०१५ साली मुद्रा योजना आली. पण एक गैरसमज दूर करतो. पतहमी ही बँकेला दिलेली हमी आहे, तुम्हाला दिलेली माफी नव्हे. कर्ज तुमचेच राहते आणि ते फेडण्याचा शब्दही तुमचाच असतो.

आकडे आपल्या बोटांवर हवेत

आता त्या साहेबांच्या प्रश्नाकडे परत येऊ. त्याचे उत्तर मी पुढे कसे शोधले, ते उदाहरणापुरते सोपे आकडे घेऊन सांगतो.

१०० किलो काजूबियांतून साधारण २५ किलो गर निघतो. बी १२० रुपये किलो धरली, तर एक किलो गरासाठी ४ किलो बी, म्हणजे ४८० रुपये झाले. मजुरी, जळण, घट आणि वेष्टनाचे ९० रुपये धरा. झाले ५७०. अख्खा गर आणि तुकडा मिळून सरासरी विक्री ६६० रुपये किलोने होते असे समजू. वरवर पाहता किलोमागे ९० रुपये सुटतात. पण बीमध्ये अडकलेले ४८० रुपये सरासरी पाच महिने गोदामात पडून राहतात. दर साल दर शेकडा १२ टक्के व्याजाने त्याचे २४ रुपये होतात. उरले ६६.

आता गराचा भाव दहाच टक्क्यांनी उतरला, तर ६६० चे ५९४ झाले आणि शिलकीतले ६६ रुपये जागीच संपले! मुद्दलाचा हप्ता, जागेचे भाडे आणि घरखर्च यातूनच निघायचा असतो. म्हणजे पाच टक्क्यांच्या उतारालाच ओढाताण सुरू होणार. साहेबांनी चाळीस मिनिटे न बोलता हेच मनातल्या मनात मांडले असणार.

हे गणित कळल्यावर उपायही दिसू लागला. सारी बी स्वतःच्या पैशाने घ्यायची नाही. कारखान्याची निम्मी क्षमता दुसऱ्याची बी मजुरीने फोडून देण्यासाठी ठेवायची. त्यात नफा कमी, पण भावाचा धोका आपल्या शिरावर नाही. बीची टरफले तेल काढणाऱ्यांना विकायची. दिवाळीच्या मालाचा काही भाग आधीच ठरवून ठेवायचा. दुसऱ्या वर्षी मी दुसऱ्या एका शाखेत दोन पानांचा कागद घेऊन गेलो. त्यातला पहिला परिच्छेद होता, 'गराचा भाव १० टक्क्यांनी उतरल्यास'. कर्जही पहिल्या वेळेच्या निम्मेच मागितले. बारा मिनिटे बोललो आणि कर्ज मंजूर झाले.

तुमचा सनदी लेखापाल प्रकल्प अहवाल सुबक तयार करून देईल, तो अवश्य घ्या. पण त्यातला प्रत्येक आकडा तुम्हाला तोंडपाठ असला पाहिजे आणि तो कुठून आला हे सांगता आले पाहिजे. "ते आमच्या लेखापालांना विचारावे लागेल" हे वाक्य उच्चारले, की समजावे, बैठक संपली.

एकच योजना, दोन बाजार

मोठ्या प्रमाणावरही नियम हाच. टाटांच्या पोलाद कारखान्याचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. जमशेटजी १९०४ साली निवर्तले. त्यांची योजना दोराबजींनी आणि सहकाऱ्यांनी पुढे नेली आणि भांडवलासाठी आधी लंडनचे दार ठोठावले. तेथे त्यांची डाळ शिजली नाही. मग १९०७ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी मुंबईत आपल्याच लोकांपुढे आवाहन ठेवले. बंगालच्या फाळणीनंतरचा तो स्वदेशीचा काळ. टाटांच्या कचेरीपुढे गर्दी लोटली आणि अवघ्या तीन आठवड्यांत सुमारे ८,००० भारतीयांनी १६ लाख ३० हजार पौंडांचे भांडवल पूर्ण उभे केले. पुढे खेळत्या भांडवलासाठी ४ लाख पौंडांचे कर्जरोखे काढले, तेव्हा ते सगळेच्या सगळे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतले. १९१२ साली साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पोलाद निघाले.

हे केवळ स्वदेशीच्या भावनेने घडले, असे म्हणून आपण थांबतो. ते अर्धसत्य आहे. त्याच लाटेत कितीतरी स्वदेशी बँका निघाल्या आणि १९१३-१४ च्या सुमारास त्यांतल्या अनेक बुडाल्या. सामान्य माणसाची आयुष्याची पुंजी त्यांत गेली. भावना दोन्हीकडे तीच होती. मग फरक कुठे पडला?

फरक होता पूर्वतयारीत आणि पतीत. मयूरभंजच्या डोंगरातल्या लोहखनिजाची खबर भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी १९०४ मध्येच टाटांना पत्राने कळविली होती. खनिज किती, कोळसा किती दूर, पाणी कुठे, याचा शोध अमेरिकेतून आणलेल्या तज्ज्ञांनी रानावनांत हिंडून घेतला होता. आणि त्याआधी तीस वर्षे, १८७७ पासून, नागपूरची एम्प्रेस मिल चालत होती. टाटा शब्द पाळतात, हे भागधारकांनी स्वतःच्या हिशोबाच्या वहीत पाहिले होते. म्हणजे प्रस्ताव तीन आठवड्यांत मान्य झाला खरा, पण त्याची मांडणी तीस वर्षे चालू होती. देशप्रेमाने माणूस दारापर्यंत येतो. दाराच्या आत त्याला खनिज, कोळसा आणि हिशोब दाखवावा लागतो. 'आपला माणूस म्हणून घ्या' हे वाक्य एकदाच चालते, दुसऱ्या खेपेला माल बोलतो.

मागणी स्पष्ट असावी

पुष्कळ प्रस्ताव शेवटाला येऊन विरघळतात. तासभर बोलून झाल्यावर "तर आपण काहीतरी सहकार्य करावे" अशी अखेर होते. काहीतरी म्हणजे काय? कोणाला काहीतरी देता येत नाही, रक्कम देता येते.

अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड आठवा. देशी उद्योगासाठी त्यांनी माणशी केवळ एक पैसा मागितला आणि गावोगाव हिंडून तो गोळा केला. लोकमान्य टिळकांनी त्या कार्याला पाठबळ दिले. त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. मागणी किती, कशासाठी आणि त्यातून काय उभे राहणार, हे शेतमजुरालाही एका दमात कळत होते. तुमच्या प्रस्तावाची मागणी तितकी स्पष्ट आहे का? किती रुपये, कोणत्या यंत्राला किती, खेळते भांडवल किती, तुम्ही स्वतः किती घालणार आणि परत कधी व कसे देणार. हे चार ओळींत बसले पाहिजे. अंथरूण पाहून पाय पसरणारा माणूस मागतानाच ओळखू येतो.

बोलताना काय सांभाळावे

डिसेंबर २०२१ पासून 'शार्क टँक इंडिया' हा कार्यक्रम घरोघरी पाहिला जातो. त्यामुळे सामान्य कुटुंबांत जेवताना उद्योगाची चर्चा होऊ लागली, ही चांगली गोष्ट झाली. पण तिथे काही मिनिटांत दिसणारा होकार पुढे कागदपत्रांच्या छाननीतून जातो, हे पडद्यावर दिसत नाही. खरी बैठक शांत असते. तिथे टाळ्या नसतात.

काही साध्या गोष्टी सांगतो. पहिल्या दोन वाक्यांत तुम्ही काय करता ते सांगा. वंशावळ आणि बालपण नको. घरातल्या आईसमोर किंवा आजीसमोर आधी बोलून पाहा. तिला जिथे कळले नाही, तिथे बहुधा तुम्हालाही पुरते कळलेले नसते. पडद्यावरच्या चित्रफिती वाचून दाखवू नका, समोरच्याला वाचता येते. शक्य असेल तर वस्तू हातात द्या. मी पिशवीत नेहमी दोन प्रतींचा गर नेतो आणि ताटलीत ओतून ठेवतो. चांगला कोणता, हे समोरचाच सांगू लागतो. ज्या भाषेत तुम्हाला विचार करता येतो, त्या भाषेत बोला. मोडक्या इंग्रजीपेक्षा नेमके मराठी वा हिंदी केव्हाही बरे.

आणि प्रश्न विचारला की उत्तर द्यायची घाई करू नका. माहीत नसेल तर "याची माहिती आज माझ्यापाशी नाही, परवापर्यंत कळवितो" असे म्हणा. मात्र परवापर्यंत कळवाच. माझ्या अनुभवात होकार बैठकीपेक्षा या 'परवा'ने अधिक वेळा मिळवून दिला आहे.

ते एक 'जमेल'

आता दुसरा प्रसंग. हा सांगायला मला आजही जड जाते.

कारखाना सुरू होऊन तिसरे वर्ष होते. मुंबईतले एक घाऊक व्यापारी माझ्या मालावर खूश झाले. त्यांनी विचारले, "महिन्याला दोन टन जमेल?" माझी क्षमता ८०० किलोची. क्षणभर थांबलो आणि म्हणालो, "जमेल." सारे तंत्र मला तोवर अवगत झाले होते. बोलणे नेमके, आकडे तोंडपाठ, चेहऱ्यावर आत्मविश्वास. प्रस्ताव मान्य झाला.

पुरे पडत नव्हते, म्हणून बाहेरून गर विकत घेऊन भर घातली. '२४०' प्रतीच्या डब्यांत बारीक '३२०' गेला. '२४०' म्हणजे एका पौंडात २२० ते २४० अख्खे गर बसले पाहिजेत. व्यापाऱ्याने वजन करून मोजले आणि माल परत पाठविला. त्यात त्याची चूक तिळमात्र नव्हती. माझे खेळते भांडवल त्या मालात अडकले. दोन महिने कारखाना बंद ठेवावा लागला. सोलणीवर आणि प्रतवारीवर २२ स्त्रिया होत्या. कामगारांत वयाने सर्वांत मोठ्या असलेल्या बाई दर सोमवारी फाटकापाशी येत आणि विचारीत, "दादा, आता कधी बोलावणार?" जून महिना होता, शाळा उघडल्या होत्या. त्या एका 'जमेल'ची किंमत मी थोडी मोजली, त्यांनी अधिक मोजली. मी दिलेल्या शब्दात त्यांची मजुरी गुंतलेली आहे, हे मुंबईच्या त्या पेढीवर बसताना माझ्या मनातही आले नव्हते.

म्हणून सांगतो, बंधू-भगिनींनो, प्रस्ताव पटवून देणे ही कला आहे आणि ती शिकता येते. पण ज्या दिवशी तो पटतो, त्या दिवसापासून तो तुमच्यावरचे ऋण होतो. न पटलेल्या प्रस्तावाने माझे एक वर्ष गेले. पटलेल्या खोट्या प्रस्तावाने बावीस घरांची चूल मंदावली.

पुढच्या वर्षी मी त्याच व्यापाऱ्याकडे गेलो. म्हणालो, "शेठजी, महिन्याला ८०० किलो देईन. त्याहून एक किलोही जास्त जमणार नाही. प्रत्येक डबा मोजून घ्या, कमी भरला तर पैसे देऊ नका." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "हे गेल्या वर्षी सांगायचे होते." मग वही काढली आणि मागणी लिहून घेतली.

माझ्या आयुष्यातला सर्वांत छोटा प्रस्ताव तोच. ती मागणी अजून चालू आहे आणि त्या बाईंची सून आज आमच्याकडे प्रतवारी पाहते. तुम्हीही उद्या कोणासमोर तरी बसाल. तेव्हा तुमच्या पाठीमागे फाटकापाशी कोण उभे आहे, ते आठवून मग बोला. एवढेच सांगून आपली रजा घेतो.